हात थरथरतो की चाक?

गाडीचं स्टिअरिंग तुमच्या हातात कधी थरथरलंय का हो? आणि थरथरलं असेल, तर ते नक्की कशाने थरथरलं हे तुम्हाला कळलं का?

मला विचाराल तर मला कितीतरी महिने कळलं नव्हतं. आणि आमचं तर चाकांचंच दुकान!

नसरापूरच्या फाट्याला, हायवेच्या कडेला आमच्या ह्यांचं टायरचं दुकान आहे. भागीदार सत्तारभाई. दोघं शाळेपासूनचे मित्र, दिवसभर भांडतात आणि एका डब्यात जेवतात. आधी नुसतं पंक्चर आणि हवा. मग दोन हजार सालाच्या आसपास व्हील बॅलन्सिंगचं मशीन घेतलं. मी घरचं आवरून दुपारी दुकानात बसायला जायचे. फोन घ्यायचा, गिऱ्हाइकाला पाणी द्यायचं, चहा सांगायचा. दुकानाच्या मागे जुने टायर जसे आपोआप साठतात, तसे असे किस्से साठत जातात. टायर निदान भंगारवाला तरी नेतो. किस्से कोण नेणार? म्हणून सांगते.

पण आधी एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. चाक एका बाजूला जरासं जड असलं, की गाडी वेगात थरथरते. मग ते चाक काढून मशीनवर फिरवायचं. कुठल्या जागी किती ग्रॅम कमी पडतात ते मशीन आकड्यात दाखवतं. तेवढ्या ग्रॅमचा, मागे लोखंडी पट्टी असलेला शिशाचा तुकडा रिमच्या कडेला हातोडीने ठोकून बसवायचा. तुकड्यावर ग्रॅमचा आकडा असतो. दहा, वीस, तीस असा.

झालं! ऐकायला इतकंच आहे.

*

मशीन आलं आणि ही बातमी वेल्ह्यापर्यंत गेली. कशी गेली माहीत नाही, पण "नसरापूरला थरथर घालवायचं मशीन आलंय" अशी गेली.

एक दिवस वेल्ह्याकडचे एक पिठाच्या गिरणीवाले मामा टेम्पो घेऊन आले. टेम्पोतून चौघांनी मिळून एक भलंमोठं लोखंडी चाक उतरवलं.

"सत्तार, ह्ये बघ. गिरनी लई थरथरती. निम्मं पीठ भुईवर. लाव ह्ये तुझ्या मशीनला."

सत्तारभाई म्हणाले, "मामा, मशीन गाडीच्या चाकाचं हाय."

"मग ह्ये काय चौकोनी हाय का? गोलच हाय की!"

सत्तारभाईंनी चाकाभोवती एक फेरी मारली. गोल तर होतंच. मी चहा सांगितला.

चहा पिता पिता सत्तारभाईंनी विचारलं, "मामा, गिरणी बसवलीय कशावर?"

"फळीवर."

"फळीवर? जमिनीत बोल्ट न्हाई मारले?"

"अरं, पावसाळ्यात शेडात पानी घुसतं. म्हनून उचलून फळीवर घेतलीया."

सत्तारभाईंनी कप खाली ठेवला. "मामा, मग फळी आणायची! चाक कशाला आणलं?"

*

वेल्ह्याच्या बाजूला पाऊस म्हणजे काय ते तिकडच्याच लोकांना ठाऊक. आषाढात तिकडून येणारी गाडी कुठल्या रंगाची आहे ते कळत नाही. सगळ्या लाल.

शंकर म्हणून एक जीपवाला होता, वेल्हे-नसरापूर सीटा भरून वडाप करायचा. एकदा उतरला तोच हात झाडत.

"भाऊ, खांद्यापासून बोटापर्यंत मुंग्या! पॅसिंजर म्हनत्यात, जीप हाय का चाळणी?"

सत्तारभाईंनी पुढचं चाक काढून मशीनवर चढवलं. मशीनने असा आकडा दाखवला की ह्यांना वाटलं मशीनच गेलं. पुन्हा फिरवलं. पुन्हा तोच! एवढ्या वजनाचं शिसं लावायचं म्हणजे रिमला हारच घालायला लागला असता.

मग सत्तारभाई वाकले आणि रिमच्या आतल्या बाजूला टॉर्च मारला. बराच वेळ बघत राहिले.

"वहिनी, हिकडं या. बघा."

मी बघितलं. आत घमेलंभर चिखल वाळून घट्ट बसला होता. आणि त्याच्यातून हिरवेगार, बोटभर, तीन कोंब वर आलेले. भाताचे!

शंकर खाचरांच्या बांधाला जीप लावायचा. तिथंच कधीतरी रोपांची मुळं अडकली असणार.

शंकर म्हणाला, "मग आता काय करायचं?"

सत्तारभाई गंभीरपणे म्हणाले, "आता काय, युरिया टाकायचा."

*

स्टिअरिंग थरथरलं तर दोष बहुतेक पुढच्या चाकांत असतो, आणि सीट थरथरली तर मागच्या. त्यामुळे गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न, "थरथर कुठं लागते? हाताला, की..." आणि तो 'की' पुढचा शब्द सत्तारभाई पुरुषांना बिनधास्त विचारायचे. पण भोरच्या डॉक्टरीणबाई पहिल्यांदा गाडी घेऊन आल्या, तेव्हा सत्तारभाईंची पंचाईत झाली.

"मॅडम, थरथर... म्हणजे हाताला लागते, का..."

"का?"

"म्हणजे... बसल्यावर..."

"बसल्यावर काय?"

सत्तारभाई माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "वहिनी, तुमी विचारा. बाईमाणसाला मी कसं विचारू?"

मी डॉक्टरीणबाईंना बाजूला घेतलं. दुकानात सहा-सात माणसं बसलेली. मी आवाज खाली करून विचारलं, "डॉक्टर, थरथर नक्की कुठे जाणवते, ते विचारताहेत."

डॉक्टरीणबाईंनी आयुष्यभर लोकांना हाच प्रश्न विचारलेला. त्यांना कसली लाज! त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "बुडाला!"

सत्तारभाई पाठमोरे होऊन ओरडले, "मागचं चाक काढा रे!"

*

आता माझं सांगते. कारण हे बाकीचं सगळं मला तेव्हा हसायला पुरत होतं, आणि घरी गेल्यावर हसू येत नव्हतं.

माझं माहेर भोंगवली. मला भाऊ नाही. आबा गेल्यापासून आई तिथे एकटी. एसटीच्या वेळा अशा, की गेलं की मुक्कामच करावा लागायचा. म्हणून ह्यांनी मला गाडी शिकवली. आमची जुनी पांढरी गाडी. गुरुवारी आमच्याकडे दिवसभर लाईट नसायची, मशीन बंद, म्हणजे गाडी मोकळी. मग गुरुवारी सकाळी मी निघायचे, हायवेने थोडं जाऊन आत वळायचे, आईला दळण, औषधं द्यायची, जेवायचं आणि दुपारी परत. ह्यांनी एकच अट घातली होती, "काटा साठच्या वर न्यायचा नाही." मी साठच्या वर कधी गेले नाही, आणि हायवेवर साठच्या खाली कधी आले नाही. सांगितलं ते सांगितलं.

आणि एका गुरुवारी परत येताना स्टिअरिंग थरथरलं.

थोडंसंच. मी घरी येऊन सांगितलं. ह्यांनी लगेच गाडी काढली, हायवेला एक चक्कर मारून आले.

"अगं, काही नाही. ऐंशीने पळवली. तळ्यात होडी चालावी तशी!"

"मला तर थरथरली."

"जाताना की येताना?"

मी आठवून म्हणाले, "येताना."

हे हसले. "माहेराहून निघताना बाईचे हात थरथरणारच. चाकं मी स्वतः बॅलन्स केलीत."

सत्तारभाईही मान डोलवत म्हणाले, "आमच्या घरात बी तसंच हाय वहिनी."

मीही हसले. पण पुढच्या गुरुवारी थरथर जास्त होती. आणि त्याच्या पुढच्या गुरुवारी आणखी. घरी येऊन चहाचा कप उचलला, तर बशीवर कप वाजला.

आबांचं असंच सुरू झालं होतं. आबांचं भोंगवलीत छोटं किराणा दुकान होतं, हातात धरायची तागडी होती. माझ्याच वयाचे असताना त्यांचे हात कापायला लागले. आधी थोडे, मग जास्त. डॉक्टर कंपवात म्हणाले. तागडीचा काटा थांबायचाच नाही. गिऱ्हाईक बिचारं काट्याकडे बघत उभं राहायचं आणि आबा म्हणायचे, "ने बाबा, जास्तच गेलंय." शेवटी आईने त्यांच्या हातातून तागडी घेतली. किराणा बंद झाला, पण अजूनही आई त्याच तागडीवर दारात बसून रानातला लसूण, मिरच्या, डाळ विकते.

मी ह्यांना आबांचं काही बोलले नाही. बोलले असते तर त्यांनी गाडी बंद केली असती. मग आईकडे कोण जाणार?

*

त्याच सुमाराला कांबळे गुरुजींचा प्रकार झाला. गुरुजी वेल्ह्याकडच्या एका शाळेचे हेडमास्तर. शिस्त म्हणजे शिस्त. त्यांची गाडी साठला थरथरायची.

गुरुजींनी त्याच्यावर स्वतःच तोडगा काढला होता. "पन्नासपर्यंत शांत असते. ऐंशीला पुन्हा शांत होते. म्हणून मी मधे थांबतच नाही. थेट ऐंशी."

बरोबर त्यांच्या मिसेस होत्या. त्या म्हणाल्या, "आणि मी डोळे मिटून घेते. आता काय ते करा, नाहीतर मी एसटीने जाईन."

सत्तारभाईंनी गुरुजींना समजावलं, की असंच असतं, एकेका गाडीचा थरथरायचा ठरलेला स्पीड असतो, त्याच्या वर गेलं की कळतसुद्धा नाही. चाकं बॅलन्स करून दिली. गुरुजी गेले.

आठ दिवसांनी परत हजर. चेहरा पडलेला.

"थरथर गेली ना, गुरुजी?"

"पूर्ण गेली. तीच तर अडचण आहे!"

"म्हणजे?"

"अहो, माझा स्पीडचा काटा दोन महिने झाले बंद पडलाय. थरथरली की साठ झाले, हे मला कळायचं. आता काहीच कळत नाही!"

सगळे हसले. मीही हसले. सत्तारभाईंनी ठरलेल्या स्पीडचं सांगितलेलं मी तिथंच बसून ऐकलं होतं. पण ते मी गुरुजींच्या गाडीचं म्हणून ऐकलं. माझं दुखणं वेगळं आहे, असंच माझ्या मनाने घेतलं होतं.

*

मग मी भोरला डॉक्टरीणबाईंकडे गेले. एकटीच, ह्यांना बाजाराचं कारण सांगून. त्यांनी मला ओळखलं.

"हात पुढे करा. बोटं पसरा."

मी पसरली. एक बोटसुद्धा हललं नाही! दवाखान्यात आल्यावर अंगातलं सगळं दुखणं कुठे पळतं, कोण जाणे.

"कधी थरथरतात?"

"गुरुवारी."

"फक्त गुरुवारी?"

"हो. येताना."

"जाताना नाही?"

"जाताना कमी. येताना जास्त."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "उपास असतो का गुरुवारचा?"

"नाही."

"मग धरायला लागा. आणि या शक्तीच्या गोळ्या घ्या."

गोळ्या घेतल्या. उपास धरला. पुढच्या गुरुवारी उपाशीपोटी आणखीनच थरथरलं.

*

भाटघरच्या तात्यांची गाडी तर माझ्या हातांसारखीच होती. धरणावर नोकरी करून निवृत्त झालेले तात्या. गाडीवर इतका जीव, की आठवडाभर अंगणात कापड घालून झाकून ठेवायचे आणि रविवारी काढायचे. काढली की थरथरायची. थरथरत थरथरत नसरापूरला यायचे, आणि दुकानात पोचेपर्यंत थरथर गायब!

"आत्ता होती हो! पुलापर्यंत होती!"

सत्तारभाई म्हणायचे, "तात्या, गाडी एका जागी उभी राहिली की टायर खालून बसतो. चालवली की गरम होतो, पुन्हा गोल होतो. दोष न्हाई त्यात."

तात्यांना पटेना. "तुला दाखवूनच देतो. शनिवारी मुक्कामाला ये. रविवारी सकाळी माझ्या अंगणातून बसायचं."

सत्तारभाई खरंच गेले. तात्यांनी मोठा पाहुणचार केला, धरणाचे ताजे मासे खाऊ घातले. सकाळी दोघं गाडीत बसले. गाडी काढली. भोरपर्यंत गेले. थरथर नाही!

तात्या हैराण. "असं होणंच शक्य नाही!"

सत्तारभाईंनी विचारलं, "तात्या, मासे आणायला काल कशानं गेला होता?"

तात्यांनी ब्रेक दाबला. मग म्हणाले, "गाडीनं."

सत्तारभाईंनी हे दुकानात येऊन सांगितलं, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र विचार करत बसले. टायर चालवून गोल होतो. हाताला काय करायचं?

*

त्या महिन्यांत आणखी एक गोष्ट मला कळत नव्हती. आईचं वागणं.

दर गुरुवारी मी निघायच्या वेळी आई गाडीच्या चाकांवर पाणी घालायची, हळदकुंकू वाहायची. लेक गाडी चालवत येते, याचं तिला फार कौतुक. पण मला तिथे उभं राहू द्यायची नाही. "तू शेजारच्या काकीला भेटून ये जा. हितं चिखलात लुगडं भिजंल तुजं." मी आले की ती चाकाजवळून गुडघ्यावर हात ठेवून उठत असायची. एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात उलथनं. चाकाची माती खरवडत असेल, असं मला वाटायचं.

आणि मग लसणाची पिशवी द्यायची. "जावईबापूंना दे."

पहिल्यांदा वाटीभर लसूण. मग शेरभर. मग गाठोडंच. वर मिरच्या, वर अंडी.

हे म्हणायचे, "अगं, एवढा लसूण कशाला? मी काय केलंय त्यांचं?"

मी आईला विचारलं तर ती पदर तोंडाला लावून हसायची. "त्यास्नी कळतंय."

ह्यांना काहीच कळत नव्हतं. मला तर आधीच काही कळत नव्हतं. सत्तारभाईंच्या घरी लसूण जायला लागला. गुरुजींनाही दिला.

*

आता शेवटचा गुरुवार.

त्या दिवशी मी ठरवूनच गेले होते. आईला सांगायचं की आता मी गाडी घेऊन येणार नाही, एसटीने येईन, जमेल तसं येईन. जाताना हायवेवर काटा साठवर आला आणि स्टिअरिंग असं थरथरलं, की मी गाडी कडेला घेऊन पाच मिनिटं नुसती बसून राहिले. मांडीवर हात ठेवले होते. आत मुंग्या येत होत्या. आबाच आठवत होते.

पोचले तेव्हा आई दारात लसूण तोलत होती. शेजारची काकी समोर बसलेली.

"आलीस व्हय? बरं झालं. ही तागडी धर जरा. काकीला पिशवी आनून देते."

मी मागे सरले. "आई, मी नको. ठेव खाली."

"खाली कशी ठिवू? तोललेलं सांडंल की! धर!"

आणि माझ्या हातात तागडी देऊन ती आत गेलीसुद्धा.

आबांची तागडी. मी डोळेच मिटले. मला तो काटा बघायचा नव्हता.

काकी म्हणाली, "बराबर हाय गं. वत पिशवीत."

मी डोळे उघडले. काटा मधोमध उभा होता. हलत नव्हता. मी श्वास सोडला, तरी हलला नाही. माझ्या हातात आबांची तागडी होती आणि काटा देवघरातल्या समईच्या ज्योतीसारखा सरळ!

काकी म्हणाली, "काय गं, देव दिसला का?"

मग माझी नजर दुसऱ्या पारड्याकडे गेली. लसणाच्या नव्हे, वजनाच्या. त्यात शिशाचे दोन तुकडे होते. मागे वाकडी झालेली पट्टी. एकावर तीस. एकावर वीस.

आई पिशवी घेऊन बाहेर आली.

"आई, ही वजनं कुठली?"

"कुठली म्हंजी? जावईबापूंनी दिल्याली!"

"कधी दिली?"

"दिवाळीला बोललं न्हवतं का त्ये? मी म्हनलं बारकी वजनं समदी गेली, खडं टाकून तोलते. तर म्हनलं, 'आई, मी देतो पाठवून.' दिलीच की पाठवून! चाकाला लावून. वर नंबर बी हाईत."

"मग तू मला कधी बोलली नाहीस?"

"लेकीच्या घरचं घ्यायचं म्हंजी लाज वाटती बाई. त्यास्नी बी हातात द्यायला वशाळ वाटलं आसंल, म्हनून चाकाला लावली. मी बी गुपचूप काढते. एका खेपंला एकच. एकदम समदी काढली तर हावरट दिसंल."

काकीने पिशवीला गाठ मारली. "तुझा जावई लई गुनाचा हाय बाई."

आई म्हणाली, "हाय तर! दहा हाय, वीस हाय, तीस हाय. आता पन्नासचं तेवढं न्हाई मिळालं. पर बोलू नको त्यास्नी. लावतील त्यांचं त्ये."

मी तागडी आईच्या हातात दिली. पोटभर जेवले. निघताना आईने मला काकीकडे पाठवलं, मी गेले. येताना सगळा हायवे साठवर आले. स्टिअरिंग थडाथडा नाचत होतं, आणि मी एकटीच हसत होते. शेजारून जाणाऱ्या एसटीतले लोक वाकून बघत होते.

त्या दिवशी दुकानात लाईट लवकर आली होती. मी गाडीतून उतरले आणि सत्तारभाईंच्या समोर दोन्ही हात पसरून उभी राहिले.

"काय झालं वहिनी?"

मी सांगितलं. आबांच्या हातांपासून सगळं सांगितलं. सत्तारभाई हसता हसता टायरवरच बसले. "इतके महिने चाक मागतंय ते शिसं तिकडं लसूण तोलतंय!"

हे हसले नाहीत. ते गाडीच्या चाकाजवळ उकिडवे बसले, रिमच्या कडेवरून बोट फिरवलं. जिथे जिथे शिसं होतं तिथे नुसती पांढरी खूण होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला सांगायचं नाहीस होय? इतके दिवस?"

मी त्यांच्या शेजारी उकिडवी बसले.

मग त्यांनी विचारलं, "कुठलं मिळालं नाही म्हणाल्या?"

"पन्नासचं."

त्यांनी चारी चाकं काढली. एकेक मशीनवर चढवलं. या वेळी सगळं शिसं रिमच्या आतल्या बाजूला ठोकलं, वाकून बघितल्याशिवाय दिसणार नाही असं. चाकं पुन्हा लावली. मला वाटलं झालं. मी पर्स उचलली.

तर हे पुन्हा ड्रॉवरकडे गेले. एक तुकडा शोधून काढला, फडक्याने पुसला, त्याच्यावरचा आकडा वर येईल असा धरला, आणि पुढच्या चाकाच्या बाहेरच्या बाजूला, अगदी डोळ्यांसमोर येईल असा ठोकला.

सत्तारभाई ओरडले, "अरं, आत्ता बॅलन्स केलेलं चाक हाय ते!"

हे म्हणाले, "माहीत आहे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "उद्या परत जाऊन ये. त्यांची लसणाची रिकामी पिशवी द्यायची राहिलीय."

दुसऱ्या दिवशी सकाळी भोंगवलीला जाताना गाडी साठला थरथरली. येताना थरथरली नाही.